गणित निराळे, हिशेब निराळा?

गेल्या उन्हाळ्यात नात्यातील एका घरी काही दिवस सांबऱ्यास राहण्याचा योग आला. बेळगावहून बागलकोट रस्त्याने दहा-अकरा किलोमीटर गेले की हे गाव लागते. १९४२ साली युद्धासाठी तयार केलेली धावपट्टी, तिच्यावरचा आजचा विमानतळ आणि हवाई दलाच्या जवानांची प्रशिक्षणसंस्था यांमुळे बाहेरच्या माणसाला सांबरा म्हटले की विमानच आठवते. मी ज्या घरी उतरलो होतो त्या घराला विमानाशी काही कर्तव्य नव्हते. घरचे आजोबा एका लहानशा देवस्थानाची कीर्द बरीच वर्षे लिहीत आले आहेत आणि त्यांची नात बेळगावच्या एका शाळेत शिकते. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते एका शाळेचे वैगुण्य नव्हे.

एके दिवशी दुपारी त्या मुलीची गणिताची वही चाळताना एक ओळ दृष्टीस पडली: १२ − ५ + ३ = ४. ओळीच्या शेवटी लाल शाईची ‘बरोबर’ची खूण होती. मी जरा चकित होऊन हे चार आले कसे, असे विचारले. ती तत्काळ म्हणाली, “कंचेभागुबेव! बे आधी, व नंतर. पाच आणि तीन आठ. बारातून आठ गेले, चार.”

आजोबांनी कीर्दीतून मान वर न करताच तिला विचारले, “बाळ, देवाच्या पेटीत बारा हजार शिल्लक होते. पाच हजार तेलवातीला आणि कौले बदलायला गेले. मग मुंबईच्या एका भक्ताची तीन हजारांची देणगी आली. आता शिल्लक किती?”

“दहा हजार.”

“मग वहीत चार कसे?”

“आज्जा, ते गणित आहे. हा हिशेब आहे.”

प्रस्तुत लेख या उत्तराविरुद्ध आहे. त्या मुलीविरुद्ध नव्हे, हे सांगण्याची गरज नसावी. तिने जे शिकविले गेले ते प्रामाणिकपणे सांगितले. आमचा वाद आहे तो, दहा वर्षांच्या मुलीला गणित आणि हिशेब या दोन परस्परांना न ओळखणाऱ्या वस्तू आहेत असे मनोभावे वाटू लागावे, अशा रीतीने बेरीज-वजाबाकी शिकविणाऱ्या प्रघाताशी.

प्रथम त्या सहा अक्षरी मंत्राचा समाचार घेऊ. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘कंचेभागुबेव’ ठाऊक आहे. कंस, ‘चे’ (म्हणजे अमक्याचे निमपट, तमक्याचे पाऊणपट), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हा त्याचा विस्तार. इंग्रजी शाळांतील ‘बॉडमास’ याच क्रमाने याच सहा गोष्टी सांगतो. तेव्हा आमचा मंत्र म्हणजे त्या परक्या सूत्राचा मराठी वेषातला अवतार होय, हे उघड आहे. परके म्हणून ते टाकावे असे आम्ही म्हणत नाही. त्यातील काही भाग अत्यंत उपयोगाचा आहे. १२ + ५ × ३ हे साध्या दुकानी गणकयंत्रावर डावीकडून ओळीने दाबीत गेलात तर ते ५१ दाखविते. मोबाईलवरील गणकयंत्र बहुधा २७ दाखविते. गणिताच्या जगाने २७ मान्य केले आहेत, कारण गुणाकार बेरजेच्या आधी, असा सर्वांनी मिळून ठरविलेला संकेत आहे. असा संकेत नसता तर एकाच लिखाणाची दोन उत्तरे झाली असती. इथवर मंत्र बरोबर आहे.

बिघाड आहे तो शेवटच्या दोन अक्षरांत. बेरीज आणि वजाबाकी यांत वडीलधाकटेपणा नाही. दोघी एकाच पंक्तीला बसतात आणि डावीकडून ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्यांना वाढावयाचे असते. भागाकार आणि गुणाकार यांचेही तसेच. परंतु अक्षरे एकापुढे एक लिहावी लागतात म्हणून ‘बे’ पुढे आले आणि ‘व’ मागे राहिले. आणि मुलांनी, पुष्कळदा शिक्षकांनीही, त्याचा अर्थ बेरीज वजाबाकीच्या आधी करावयाची असा घेतला. गंमत अशी की ‘भागु’ या जोडीने हा अनर्थ होत नाही. गुणाकाराआधी भागाकार केला तरी उत्तर तेच येते. विश्वास नसेल त्याने ८ × ६ ÷ ३ दोन्ही रीतींनी करून पाहावे. मंत्रकर्त्याने ‘बेव’च्या जागी ‘वबे’ लिहिले असते तर वहीतले उत्तर चार न येता दहा आले असते. एका अक्षराची अदलाबदल! अर्थात ‘वबे’ शिकवा, असा आमचा आग्रह नाही. ज्या सूत्रातील दोन अक्षरांची जागा चुकताच पिढ्यान्‌पिढ्यांची शिल्लक चुकते, ते सूत्र प्राथमिक शाळेच्या चौथी-पाचवीत बेरीज-वजाबाकीच्या साध्या ओळीसाठी वापरावेच कशाला, हा आमचा प्रश्न आहे.

शिवाय ही चूक लपून राहणारी आहे. १२ + ५ − ३ असे उदाहरण आले तर मंत्र खरा ठरतो, उत्तर १४ येते आणि मुलाचा विश्वास दृढ होतो. वजाबाकी आधी आणि बेरीज नंतर आली तरच तो उघडा पडतो. निम्मी उदाहरणे सुटतात म्हणून औषध गुणकारी मानण्याचा हा प्रकार आहे.

आता त्या ‘चार’चा अर्थ पाहा. पाच आणि तीन आधी मिळविले म्हणजे काय केले? भक्ताने श्रद्धेने आणून दिलेले तीन हजार खर्चाच्या बाजूला मांडले. देणगीदाराच्या नावावर खर्च लिहिणारा खजिनदार एक दिवस तरी आपल्या जागी राहील काय? गोव्यात महाजनांच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखविताना अशी एक नोंद निघाली तर सभा रात्र उजाडेपर्यंत चालेल. तीच नोंद मुलाच्या वहीत निघते तेव्हा मात्र तिच्यावर लाल खूण होते. चार हे उत्तर मिळण्याची एक योग्य वाट आहे; पण ती निराळ्या गोष्टीची आहे. पाच हजार आणि तीन हजार असे दोन्ही खर्चच झाले असते तर १२ − (५ + ३) असे लिहिता आले असते आणि शिल्लक चार राहिली असती. तो कंस म्हणजे ‘हे दोन्ही मिळून गेले’ असे सांगणारी मुठ आहे. कंस नसताना मूठ वळणे ही लबाडी झाली.

अंक आणि अधिक-उणे ही चिन्हे ओळीने मांडून जे लिहिले जाते त्याला आमची शालेय पुस्तके ‘पदावली’ म्हणतात. शब्द चांगला आहे. पदांची ओळ ती पदावली. भजनातही पदे असतात आणि वाक्यातही असतात. पदावली हे एक वाक्य आहे, ते कोणी तरी काही तरी सांगण्यासाठी लिहिलेले असते, आणि त्याची किंमत काढण्यापूर्वी ते वाचावयाचे असते, एवढी गोष्ट शाळेत सांगितली जात नाही, ही आमची तक्रार आहे. मंत्र वाचनाच्या जागी येऊन बसला आहे.

याच मंत्राचे एक धाकटे भावंड आहे आणि ते अधिक लहान मुलांना छळते. शाब्दिक उदाहरण दिसले की मूल विचारते, “बेरीज करायची की वजाबाकी?” उत्तरादाखल त्याला एक किल्ली देण्यात येते: ‘एकूण’ किंवा ‘जास्त’ हा शब्द आला की बेरीज, ‘उरले’ किंवा ‘कमी’ आला की वजाबाकी. झाले! आता उदाहरण वाचण्याची आवश्यकताच उरली नाही. शब्द हुडकावा, चिन्ह टाकावे, दोन आकडे त्याच्या दोन बाजूंस बसवावेत.

पण देवळातले साधे प्रसंग घ्या. प्रसादाच्या ९ पुड्या वाटल्या आणि ६ उरल्या. तर आरंभी किती होत्या? ‘उरल्या’ आहे, आणि करावयाची आहे ९ + ६ ही बेरीज. सकाळी काही नारळ होते, दुपारी १५ आले, तेव्हा एकूण ४० झाले. सकाळी किती होते? ‘एकूण’ आहे, पण किल्लीवाले मूल ४० आणि १५ मिळवून ५५ नारळ फोडून मोकळे होईल. एकीकडे ८ हार आहेत, ते दुसरीकडच्या हारांपेक्षा ३ ने जास्त आहेत; तर दुसरीकडे किती? ‘जास्त’ आहे आणि उत्तर ८ − ३. मराठी वाक्यात अर्थ एका शब्दाच्या खुंटीला टांगलेला नसतो. तो विभक्तीत, क्रमात, ‘पेक्षा’त आणि ‘तेव्हा’त पसरलेला असतो. आमच्या कोंकणी बांधवांकडे ‘चड’ आणि ‘उणें’ हे दोन सुरेख शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांचीही किल्ली करता येईल आणि तीही अशीच कुलपात अडकेल.

नारळांच्या उदाहरणात तर आणखी एक बारकावा आहे. तो प्रसंग जसा घडला तसा लिहावयाचा म्हणजे रिकामी चौकट + १५ = ४० असे लिहिले पाहिजे. आधी घडले ते लिहावे, मग चौकटीत काय बसेल ते शोधण्यासाठी ४० − १५ करावे. प्रसंगाची मांडणी एक आणि उत्तराची वाट दुसरी. या दोहोंतले अंतर ज्या मुलाला कळले त्याला पुढे बीजगणिताची भीती वाटण्याचे कारण उरत नाही. कारण चौकटीच्या जागी अक्षर लिहिले की बीजगणितच. पण उत्तराला गुण असतात आणि मांडणीला नसतात, म्हणून पहिली पायरी गाळून मुलाला दुसरीवर उडी मारावयास लावतात.

आता सीमाभागाविषयी. सांबऱ्याचे मूल घरी मराठी बोलते, बसमध्ये वाहकाशी कन्नड बोलते आणि पुष्कळदा गणित इंग्रजीत म्हणते. ही त्रेधा आहे, यात संशय नाही. तथापि या त्रेधेत एक ठेवा आहे, त्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ‘एकोणतीस’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. त्यात एक आहे, ऊन म्हणजे उणे आहे आणि तीस आहे. एकोणतीस म्हणजे ३० − १. कोंकणीत ‘एकुणतीस’, तेच. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आमची भाषा दर दहकाच्या उंबरठ्यावर एक वजाबाकी मांडून ठेवते. नव्याण्णवाला मात्र काय झाले कोण जाणे, तिथे ती नव्वदात नऊ मिळविते. कन्नड माणूस २९ ला ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणतो: वीस आणि नऊ, २० + ९. घड्याळाचेही तसेच. आम्ही ‘पावणेपाच’ म्हणतो, म्हणजे पाचात पाव उणा; शेजारी ‘नाल्कू मुक्कालु’ म्हणतो, म्हणजे चार आणि पाऊण. (कन्नड भाषा वजाबाकी जाणत नाही असे मात्र कोणी समजू नये; खुद्द ‘ओंबत्तु’ या शब्दात दहाला एक कमी असा अर्थ दडलेला आहे, असे भाषातज्ज्ञ सांगतात.)

म्हणजे एकाच थांब्यावर उभी असलेली दोन माणसे एकाच घड्याळाकडे पाहून दोन निरनिराळ्या पदावल्या बोलतात आणि दोघांची बस चुकत नाही. ३० − १ = २० + ९. ५ − पाव = ४ + पाऊण. दोन लिखाणे, एक किंमत. यालाच समीकरण म्हणतात. पुण्याच्या मुलाला जे पुस्तकातून शिकावे लागते ते सांबऱ्याच्या मुलाच्या जिभेवर आधीपासून आहे. १९५६ पासून चालत आलेला वाद ज्यांनी चालवावयाचा त्यांनी चालवावा. आमचे म्हणणे इतकेच की या मुलाच्या तोंडातले हे धन कोणत्याही राज्याच्या पुस्तकाने आजवर वहीत उतरविलेले आमच्या पाहण्यात नाही.

उलट, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’च्या सोबत ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा काय झाले ते वाचकांना आठवत असेल. विधानसभेत थट्टा झाली, वर्तमानपत्रांत अस्मितेचा गजर झाला. मंगला नारळीकर या जाणत्या गणितज्ञ बाई त्या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांनी लहान मुले अडखळतात, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. दोन्ही पक्षांचे आदरपूर्वक ऐकूनही आम्हाला वाटते की खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ‘वीस नऊ’ आणि ‘एकोणतीस’ ही एकाच संख्येची दोन नावे आहेत, यापलीकडे त्या दोन पदावल्या आहेत, एक बेरजेची आणि एक वजाबाकीची. त्यांतली एक काढून टाकावी की ठेवावी यावर भांडण्याऐवजी दोघींमध्ये ‘=’ लिहून मुलांपुढे ठेवली असती तर एका धड्याचे काम त्या भांडणातच झाले असते.

या शब्दाचा उपयोग कसा होतो पाहा. ५३ मधून २९ वजा करावयाचे आहेत. बाजारातली कोणतीही बाई तीस वजा करील आणि एक परत देईल: ५३ − ३० + १, म्हणजे २४. एकोणतीस या शब्दानेच तिला ही युक्ती शिकविली. आता हीच ओळ वहीत लिहा आणि ‘कंचेभागुबेव’ लावा. तीस आणि एक एकतीस. त्रेपन्नातून एकतीस गेले, बावीस. बाजारातल्या बाईचे दोन रुपये शाळेने बुडविले.

‘=’ या चिन्हाचीही अशीच दैना आहे. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गृहस्थाने ते प्रथम वापरले. दोन समांतर रेघांपेक्षा अधिक सारख्या दोन वस्तू असू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे चिन्हाचा अर्थ ‘दोन्ही बाजू सारख्या’ असा आहे. आमची मुले त्याचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा करतात. म्हणून ८ + ४ = १२ + ५ = १७ अशी साखळी वहीत दिसते आणि आठ नि चार सतरा होतात, हे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. हा रोग केवळ आमचाच आहे असेही नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात मुलांना ८ + ४ = चौकट + ५ असे दिले तेव्हा बहुतेकांनी चौकटीत १२ किंवा १७ लिहिले. सात लिहिणारी थोडी. तराजूची दोन पारडी हाताने तोलणारा वाणी ज्या गावात होता त्या गावाच्या मुलाला ७ सुचू नये, याचे मात्र दुःख अधिक.

त्या लाल खुणेचे शिक्षक पुढे भेटले. गृहस्थ सज्जन, कष्टाळू. बारा हजारांची गोष्ट ऐकून क्षणभर गप्प राहिले, मग मोकळेपणाने म्हणाले, “मलाही लहानपणी असेच शिकविले. सूत्र काढून घेता, तर त्याच्या जागी देता काय?” प्रश्न रास्त आहे. टीका करणाऱ्याने त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर नवे नाही. ते आजोबांच्या कीर्दीत आहे. कीर्दीत कोणतीही रक्कम एकटी नसते. ती जमेची असते किंवा खर्चाची असते. तसेच पदावलीत प्रत्येक अंकाच्या डावीकडचे चिन्ह त्या अंकाचे असते. १२ − ५ + ३ मध्ये तीन पदे आहेत: जमा १२, खर्च ५, जमा ३. प्रत्येक पदाभोवती त्याच्या चिन्हासह चौकट आखावी. मग ती कोणत्याही क्रमाने घ्या. आधी दोन्ही जमा मिळवून १५ करा आणि पाच वजा करा, किंवा ओळीने जा, शिल्लक दहाच. चिन्ह अंकापासून तोडले की घोटाळा होतो, न तोडल्यास मंत्राची आठवणही होत नाही. मुंबईस मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमणियम यांनी सहावीच्या मुलांबरोबर अशाच पदांच्या पद्धतीने दीर्घ काळ काम केले आणि २०१२ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. पदे ओळखू लागलेली मुले पदावलीची किंमत न काढताही दोन पदावल्या सारख्या आहेत की नाहीत ते सांगू लागतात, हा त्यातील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. एन्‌सीईआरटीच्या २०२५ च्या सातवीच्या ‘गणित प्रकाश’ या पुस्तकातही अंकांच्या पदावल्यांवर स्वतंत्र प्रकरण आले असून त्यात पदांचाच विचार आहे. आनंद आहे, पण सातवीपर्यंत थांबावयाचे कशाला? चुकीचा मंत्र चौथी-पाचवीत द्यावयाचा आणि उतारा सातवीत, हा कोणता न्याय?

आणि ज्यांना आपले म्हणून काही लागते त्यांनी ब्रह्मगुप्ताकडे जावे. इ.स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याने धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले आहेत. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. शब्दच हिशेबाचे आहेत. युरोपात + आणि − ही चिन्हे छापून आली ती १४८९ साली, जर्मनीतल्या योहानेस विडमनच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात. आमच्याकडे ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. आणि पेशावरजवळ १८८१ साली सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात तर आजच्या अधिकासारखे दिसणारे चिन्ह उणे दाखविण्यासाठी वापरलेले आहे. चिन्हे बदलली, देणे-घेणे बदलले नाही.

‘ते गणित, हा हिशेब’ या वाक्याला सर्वांत ठोस उत्तर चाळीसगावजवळील पाटण येथे देवळात कोरून ठेवलेले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाला इ.स. १२०७ च्या सुमारास दान दिले गेले, त्याचा तो शिलालेख. आरंभी आचार्यांच्या कुळाची विद्वत्ता संस्कृतात वर्णिली आहे आणि अखेरीस त्या काळच्या मराठीत मठाला मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील आहे. एकाच दगडावर गणिताचा गौरव आणि जमेच्या बाबी! त्याही आधी सुमारे साडेतीनशे वर्षे, कन्नड मुलखात मान्यखेटच्या नृपतुंग अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त लौकिक आणि धार्मिक अशा सर्व व्यवहारांना गणित लागते, असे आवर्जून सांगितले होते. मराठी आणि कन्नड या दोन्ही अंगणांत जी गोष्ट स्पष्ट होती ती मधल्या उंबऱ्यावरच्या मुलीला उलटी समजावी, याला काय म्हणावे?

आता काही वृद्ध वाचक म्हणतील, “आमच्या वेळी पंतोजी पाढे, पावकी, निमकी घोकून घेत, पदावली-बिदावली कुठे होती?” त्यांना आमचा नमस्कार. तोंडी हिशेबाची ती तालीम गेली हे नुकसान झाले, यात शंका नाही. परंतु त्या शाळेत घोकंपट्टीसोबत दुकानाची, शेतसाऱ्याची, व्याजाची खरी वही होती. आणि त्या शाळेचे दार फार थोड्यांना उघडे होते, मुलींना तर जवळजवळ बंदच, हे सोयीस्करपणे विसरू नये. आज दार उघडले आहे. आत बोलावून मुलीच्या हातात किल्ली आणि मंत्र देऊन बोळवण करणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: परीक्षेत उत्तर विचारतात, गोष्ट नाही. मग परीक्षेत गोष्ट विचारा. २० − ८ + ५ देऊन ‘यावर एक प्रसंग लिही’ म्हणा. मुलाने आठ परत आणून पाच घालविले की काय समजले नाही ते त्या दोन ओळींत दिसते, उत्तराच्या एका आकड्यात दिसत नाही. ३७ + १८ आणि ३८ + १७ यांत मोठे कोणते, ते बेरीज न करता सांग, म्हणा. शाब्दिक उदाहरणात मांडणीला निम्मे गुण ठेवा. यासाठी पैसा लागत नाही, फर्मान लागत नाही. बेळगावच्या मराठी शाळेला कर्नाटकाचे पुस्तक असो, निपाणीपलीकडच्या शाळेला बालभारतीचे असो, फळ्यावर चौकट आखावयास कोणत्याही सरकारची ना नसते.

देवस्थानांच्या मंडळींना एक सूचना करावीशी वाटते. यात्रेनंतर जमाखर्चाचा तक्ता देवळाच्या भिंतीवर लागतो, तो मोठी माणसे उभ्या उभ्या वाचतात आणि कुजबुजत जातात. पुढच्या खेपेस त्या तक्त्यापाशी मुलांना बसवावे, आरंभीच्या शिल्लकेपासून अखेरच्या शिल्लकेपर्यंतचा सारा व्यवहार एका ओळीत अधिक-उणे चिन्हांनी लिहावयास सांगावे आणि किंमत काढून तक्त्याशी ताडून पाहावयास लावावे. ताळा जुळला नाही तर मुलाची चूक आहे की खजिनदाराची, याचा शोध घेणेही बोधप्रद ठरेल.

सांबऱ्याच्या आजोबांनी हे आपल्या घरी सुरू केले आहे. निघण्याच्या दिवशी मुलीने त्या वहीतली ओळ पुन्हा काढली, तीन चौकटी आखल्या, चार खोडून दहा लिहिले आणि लाल खुणेचे काय करावे असे मला विचारले. मी म्हटले, ती राहू दे. ज्या वाचकांच्या घरी अशा खुणा असलेल्या वह्या सापडतील त्यांनी ते उदाहरण, शाळेचे नाव न लिहिता, या मासिकाकडे जरूर पाठवावे. मराठीत पाठवावे वा कोंकणीत.